गवत, झाड आणि बीं
(पवित्र शास्त्रांतील कवींनीं दाखविलेले मनुष्याच्या आयुष्याचे ऋतु)

वाचण्याचे भाग : स्तोत्र ९०, स्तोत्र ९२:१२–१५, स्तोत्र १०३:१३–१८, उपदेशक १२:१–७, ईयोब १४:७–१५, १ करिंथ १५:२०–४४.



एका खेड्यांत मातीच्या प्रसंगीं आम्ही हजर होतों. नऊ-दहा वर्षांचा मुलगा तापानें वारला होता. तेथील तरुण उपदेशकानें कबरेपाशीं उभें राहून १०३ व्या स्तोत्रांतील, मनुष्याच्या आयुष्यास गवताची व रानफुलाची उपमा दिलेला भाग वाचला, प्रार्थना केली आणि पुस्तक मिटलें. लोक परतूं लागले. मुलाची आजी मात्र तेथेंच बसून राहिली. तिला लिहितांवाचतां येत नव्हतें. पण तिचा सारा जन्म शेतांत गेला होता. ती म्हणाली, "मास्तर, गवत वाळतं हें खरं. पण पुढल्या पावसाला तें परत उगवतं. माझा नातू उगवेल का?" उपदेशक कांहीं बोलला नाहीं. आम्हीही त्या वेळीं कांहीं बोललों नाहीं.

त्या आजीचा प्रश्न भोळेपणाचा नव्हता. तो शास्त्रांतील एका थोर कवीनेंही देवाला विचारला आहे, हें पुढें दिसून येईल. गवत, झाड, बीं ह्या उपमा आपण उपासनेंत नेहमीं ऐकतों. परंतु त्यांपैकीं कोणती किती सांगते आणि कोठें थांबते, ह्याचा विचार क्वचितच करितों. तो विचार ह्या धड्यांत करावयाचा आहे.

१. कवि आणि त्यांचा देश

पवित्र शास्त्राचा मोठा भाग काव्यांत आहे. ईयोब, स्तोत्रें, नीतिसूत्रें, गीतरत्न, विलापगीत हीं पुस्तकें तर बहुतेक कविताच आहेत; यशया, यिर्मया इत्यादि संदेष्ट्यांचीं वचनेंही पुष्कळ ठिकाणीं काव्यरूप आहेत. इब्री कवितेंत आपल्या अभंगासारखें यमक नसतें. तींत एक विचार सांगून झाला कीं, त्याच्या जोडीला दुसरा येतो. तो कधीं पहिल्याचाच अर्थ निराळ्या शब्दांनीं सांगतो, तर कधीं त्याची उलट बाजू दाखवितो. जात्याच्या खालच्या व वरच्या दगडांमध्यें दाणा सांपडावा, तसा अर्थ ह्या दोन विचारांमध्यें सांपडतो. एकाच दगडानें पीठ पडत नाहीं. तसेंच अर्धें वाचून थांबणाऱ्याच्या पदरीं अर्थ पडत नाहीं.

हे कवि पालेस्तीन देशांत राहत होते. यरुशलेमास वर्षाकाठीं सुमारें २० ते २२ इंच पाऊस पडतो, म्हणजे आपल्याकडील सोलापूर व अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) ह्या जिल्ह्यांतील कोरड्या भागाइतकाच. परंतु तो पडण्याचा काळ निराळा. आपला पाऊस मृगापासून हस्तापर्यंतचा. तिकडे मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत आकाश बहुतेक कोरडें असतें. आक्टोबर-नोव्हेंबरांत पहिला पाऊस येऊन तापलेली जमीन मऊ करितो, तेव्हां नांगरणी व पेरणी होते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा मुख्य पावसाचा काळ. आणि मार्च-एप्रिलांतील शेवटचा पाऊस कणसांत दाणा भरवितो. ह्या पहिल्या व शेवटच्या पावसांना आपल्या मराठी शास्त्रांत 'आगोटीचा' व 'वळवाचा' अशीं नांवें दिलीं आहेत. आपला वळीव पेरणीपूर्वीं येतो, त्यांचा वळीव कापणीपूर्वीं येतो. नांव एक, पण काम निराळें, हें शिकवितांना लक्षांत ठेवावें.

२. गवत

फेब्रुवारी-मार्चांत यहूदाचे डोंगर हिरवे होतात आणि त्यांवर तांबडीं, पिंवळीं रानफुलें उमलतात. मग पाऊस सरतो आणि पूर्वेकडील वाळवंटावरून कोरडा, तापलेला वारा सुटतो. तो दोन-तीन दिवस वाहिला कीं, हिरवा डोंगर पिंगट दिसूं लागतो. आपलें गवत सावकाश पिकतें. पोळ्याला हिरवें असलेलें गवत दिवाळीच्या पुढें पिंवळें होतें. तिकडे आठवड्याभरांत सारा रंग पालटतो. म्हणून स्तोत्रकर्ता सकाळीं टवटवीत असलेलें आणि संध्याकाळीं सुकलेलें गवत दाखवितो (९०:५, ६), किंवा वारा वरून गेल्यावर फुलाच्या जागेलाही त्याची ओळख उरत नाहीं असें सांगतो (१०३:१५, १६), तेव्हां ती अतिशयोक्ति नव्हे. त्यानें जें डोळ्यांनीं पाहिलें तेंच तो सांगत आहे.

परंतु गवताचें हें काव्य म्हणजे नशिबाचें रडगाणें नव्हे. आपल्या खेड्यांत कोणी वारला म्हणजे, "कपाळीं होतें तें झालें," असें म्हणून लोक गप्प बसतात. ९० वें स्तोत्र तसें बसूं देत नाहीं. मोशेची प्रार्थना म्हणून आलेल्या ह्या स्तोत्राच्या आरंभीं, पिढ्यान्‌पिढ्या देवच आमचें घर आहे, हा विचार आहे. मध्यें गवत व सत्तर-ऐंशीं वर्षांची मर्यादा आहे. आणि अखेरीकडे दोन मागण्या आहेत. एक अशी कीं, आम्हांला आपले दिवस मोजावयास शिकीव, म्हणजे आम्ही शहाणे होऊं. दुसरी अशी कीं, आमच्या हातचें काम पक्कें कर. दिवस थोडे आहेत हें ज्याला कळलें, तो हातपाय गाळून बसत नाहीं. ज्या शेतकऱ्याला ठाऊक असतें कीं, वापसा दोनच दिवस टिकणार, तोच पहाटे पाभर बाहेर काढतो.

१०३ व्या स्तोत्रांतही तसेंच आहे. गवत सोळाव्या वचनांत नाहींसें होतें. सतराव्या वचनांत, परमेश्वराचें भय धरणाऱ्यांवर त्याची दया युगानुयुग राहते आणि ती त्यांच्या नातवंडांपर्यंत पोंचते, असें कवि सांगतो. यशयाच्या ४० व्या अध्यायांतही गवत सुकतें, पण देवाचें वचन टिकतें. आमच्या तरुण उपदेशकानें सोळाव्या वचनावर पुस्तक मिटलें. वरचा दगड फिरलाच नाहीं. आणि नातवाच्या कबरेपाशीं बसलेल्या आजीला जो एक शब्द ऐकावयास पाहिजे होता, तो पुढच्याच ओळींत होता.

३. झाड

गवतानंतर झाड पहा. पहिल्या स्तोत्रांत व यिर्मयाच्या १७ व्या अध्यायांत देवावर भरंवसा ठेवणारा मनुष्य पाण्याच्या कांठीं लावलेल्या झाडासारखा आहे. पहिल्या स्तोत्रांतील तें झाड आपल्या हंगामीं फळ देतें, बारमाही देत नाहीं. ज्याला अजून फळ आलें नाहीं त्या तरुण ख्रिस्ती मनुष्यावर रागावणाऱ्या पंचांनीं व पाळकांनीं हें ध्यानांत ठेवावें. प्रथम मूळ, मग पान, मग फळ.

९२ व्या स्तोत्रांत दोन झाडें आहेत : खजूर आणि लबानोनाचा गंधसरू. खजुरीला फळ येण्यास कांहीं वर्षें वाट पाहावी लागते, पण एकदां धरूं लागली कीं, ती कित्येक दशकें धरीत राहते. गंधसरू शेंकडों वर्षें जगतो. कवि म्हणतो कीं, देवाच्या अंगणांत लावलेलीं माणसें म्हातारपणींही रसभरित व हिरवीं राहून फळ देतात. हें आपल्या देशावरील शेतकऱ्यास पटण्यासारखें आहे. शाळू ज्वारी आपण पाऊस परततांना पेरतों. पुढें कित्येकदां एक सरही येत नाहीं. तरी काळ्या जमिनींत मुरलेल्या ओलीवर तें पीक थंडींत उभें राहतें आणि फाल्गुनाच्या सुमारास कणसें भरून हातीं येतें. पाऊस गेल्यावर पिकणारेंही पीक देवानें ठेविलें आहे. मात्र पावसाच्या दिवसांत जमिनींत ओल मुरलेली असली पाहिजे.

ह्याचें एक उदाहरण आपल्याच मंडळीच्या इतिहासांत आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांना फुलांमुलांचे कवि म्हणतात. त्यांचे तरुण स्नेही त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजेच बालकवि, हे अहमदनगरास टिळकांच्या घरीं राहिले होते. निर्झर, फुलें, श्रावणांतील ऊनपाऊस हे त्यांचे आवडते विषय. मे १९१८ मध्यें जळगांवाजवळ भादली स्टेशनापाशीं आगगाडीखालीं सांपडून ते वारले. त्या वेळीं त्यांचें वय अवघें २७ वर्षांचें होतें. एका वर्षानें, ९ मे १९१९ रोजीं, टिळकही ५७ व्या वर्षीं प्रभूकडे गेले, आणि त्यांनीं आरंभिलेलें 'ख्रिस्तायन' अपुरें राहिलें. मागें राहिल्या लक्ष्मीबाई. त्या लहानपणीं शाळेंत गेल्या नव्हत्या; अक्षरओळख त्यांना लग्नानंतर झाली. त्यांनीं 'ख्रिस्तायना'चे पुढील पुष्कळ अध्याय लिहिले; आणि त्यांचें 'स्मृतिचित्रें' हें पुस्तक १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध होऊं लागलें, तेव्हां त्यांनीं साठी ओलांडिली होती. १९३६ सालीं त्या वारल्या. ज्या बाईंना उशीरां अक्षरें आलीं, त्यांचें पुस्तक आज मराठींतील उत्तम आत्मचरित्रांत गणलें जातें.

एका घराच्या छायेंत राहिलेलीं हीं तीन माणसें. एक भर वसंतांत गेला, एक काम हातीं असतांना गेला, एकीला पाऊस ओसरल्यावर पीक आलें. ह्यांपैकीं कोणाचें आयुष्य वायां गेलें असें म्हणावें? आपल्या हातचें काम पक्कें कर ही मागणी देव कधीं त्याच हातांनीं पुरी करितो, कधीं दुसऱ्या हातांनीं.

४. जुनें घर

उपदेशक नांवाच्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायांत म्हातारपणाचें चित्र आहे. त्यांत म्हातारा असा शब्द नाहीं. एक मोठें जुनें घर आहे. घराचे राखणदार कांपूं लागतात, ते हात. बळकट पुरुष वांकतात, ते पाय. दळणाऱ्या बायका थोड्या उरल्यामुळें दळण थांबतें, ते दांत. खिडक्यांतून पाहणाऱ्या अंधुक होतात, ते डोळे. रस्त्याकडील दारें लागतात, ते कान. पांखराच्या आवाजानेंही जाग येते, कारण झोंप हलकी झाली. बदामाचें झाड फुलतें, म्हणजे केंस पिकतात. हा बदाम आपल्या अंगणांतील मोठ्या पानांचा देशी बदाम नव्हे. खरा बदाम तिकडे थंडीच्या अखेरीस पान येण्यापूर्वींच पांढऱ्या-गुलाबी फुलांनीं भरून जातो. दुरून सारें झाड पांढरें दिसतें. शेवटीं झऱ्यापाशीं घागर फुटते आणि विहिरीवरचें चाक मोडतें. थोर टीकाकारांनीं परंपरेनें ह्या खुणांचा असाच अर्थ लाविला आहे.

ज्या बाईनें जातें ओढलें आणि घागर वाहिली, तिला हें काव्य समजावून सांगावें लागत नाहीं. परंतु तें तिच्यासाठींच लिहिलेलें नाहीं. अध्यायाचा आरंभ तरुणाला उद्देशून आहे : घर शाबूत आहे, दारें उघडीं आहेत, तोंच आपल्या उत्पन्नकर्त्याची आठवण ठेव. आमचे कित्येक तरुण म्हणतात, "देवाचें पुढें पाहूं, अजून वय आहे." त्यांना कवि जुनें घर दाखवून म्हणतो कीं, ओल मुरण्याचे दिवस हेच आहेत.

ह्यांत दुसराही बोध आहे. कवीनें जुन्या घराची थट्टा केलेली नाहीं. आपल्या घरांत म्हाताऱ्याला ऐकूं येत नाहीं म्हणून आपण त्याच्यावर ओरडतों, मंडळीच्या सभेंत त्याला कोपऱ्यांत बसवितों, आणि "आतां तुमचें काय काम?" असें विचारतों. ७१ व्या स्तोत्रांतील वृद्ध देवाजवळ मागतो कीं, मला म्हातारपणीं टाकूं नको. पुढल्या पिढीला तुझें सामर्थ्य सांगेपर्यंत मला राख. म्हाताऱ्यांचें काम तें हेंच. ज्या मंडळींत नातवंडें आजीआजोबांच्या तोंडून प्रभूच्या गोष्टी ऐकत नाहींत, तिनें आपला शाळू उभाच सोडून दिला आहे.

५. तोडलेलें खोड

आतां आजीच्या प्रश्नाकडे येऊं. ईयोबाचीं मुलें एकाच दिवशीं मेलीं. १४ व्या अध्यायांत तो म्हणतो कीं, झाडाला तरी आशा आहे. तें तोडलें आणि त्याचें खोड मातींत जुनें झालें, तरी पाण्याचा वास लागतांच त्याला धुमारे फुटतात. हें आपण बांधावरच्या बाभळीचें व लिंबाचें पाहतोंच. पण मनुष्य निजला तो उठत नाहीं, असें ईयोब म्हणतो. आणि मग तोच देवाला विचारतो कीं, मेलेला मनुष्य पुन्हां जगेल काय?

पाहा, आजीनें गवताविषयीं जें विचारिलें तेंच ईयोबानें झाडाविषयीं विचारिलें आहे. सृष्टीचें काव्य आपल्याला येथवर आणून सोडतें. वर्षाचे ऋतु फिरून येतात. मनुष्याचे ऋतु फिरून येत नाहींत. ज्याचा श्रावण गेला त्याला दुसरा श्रावण नाहीं. म्हणून, "गवत उगवतें, तसेंच आपणही उगवूं," असें सांगून दुःखितांचें समाधान करणें हें खोटें नाणें देणें होय. सृष्टि प्रश्न विचारावयास शिकविते. उत्तर तिच्याजवळ नाहीं. ईयोबाजवळही त्या वेळीं पुरें उत्तर नव्हतें. तरी त्यानें प्रश्न देवापाशींच नेला आणि त्याच्या हांकेची वाट पाहिली.

६. बीं

उत्तर पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायांत आहे. तेथेंही शेतच आहे, परंतु गवत नाहीं, बीं आहे. गवत वाळतें तेव्हां कोणी तें हेतूनें मातींत घालीत नाहीं. बीं मात्र शेतकरी आपल्या हातानें, निवडून, जागा पाहून घालतो. मातींत पडणें दोहोंचें सारखेंच दिसतें. पण एक पडलेलें असतें आणि एक पेरलेलें असतें.

शाळेंत शिकलेला मुलगा येथें म्हणेल, "बीं मरत नाहीं; त्यांत अंकुर जिवंतच असतो." तें खरें आहे. प्रेषित शेतकऱ्याच्या नजरेनें बोलत आहे : जो दाणा पुरला तो पुन्हां त्या रूपानें हातीं येत नाहीं. शिवाय तो आपला भरंवसा बियाच्या अंगच्या शक्तीवर ठेवीत नाहीं. देव त्याला शरीर देतो, असें तो म्हणतो. मेलेल्यांचें उठणें हा गवतासारखा सृष्टिक्रम नव्हे, तें देवाचें देणें आहे. आणि त्याची साक्ष शेतांत नाहीं, प्रभूच्या रिकाम्या कबरेंत आहे. म्हणून पौल ख्रिस्ताला प्रथमफळ म्हणतो. वल्हांडणाच्या दिवसांत सातूच्या नव्या पिकाची पहिली पेंढी याजकाकडे आणावी आणि त्यानें ती परमेश्वरासमोर ओंवाळावी, असा नियम लेवीय २३ व्या अध्यायांत आहे. पहिली पेंढी आली याचा अर्थ एवढाच कीं, मागें शेतांत बाकीचें पीक उभें आहे, आणि तेंही घरीं येणार आहे.

पुढें आम्ही त्या गांवीं पुन्हां गेलों, तेव्हां तो उपदेशक आम्हांला घेऊन आजीकडे गेला. त्यानें तिला सांगितलें, "आजी, तुमचा नातू गवतासारखा आपोआप उगवणार नाहीं. पण आपण त्याला मातींत टाकलेला नाहीं. तो पेरलेला आहे, आणि पेरणाऱ्याला त्याचें नांव ठाऊक आहे." मग त्यानें १०३ व्या स्तोत्रांतील राहिलेलें वचन वाचलें. आजीनें डोळे पुसले आणि म्हणाली, "तें नातवंडांचं परत वाचा." त्यानें परत वाचलें.

उपदेशकांस सूचना

मातीच्या प्रसंगीं गवताचें वचन वाचावें, पण तेथें थांबूं नये. १०३ वें स्तोत्र वाचल्यास सतरावें व अठरावें वचन अवश्य वाचावें. लहान मुलाच्या मातीला, "देवाला फूल आवडलें म्हणून त्यानें तोडलें," असें बोलूं नये. शास्त्र तसें बोलत नाहीं. वृद्धांना भेटावयास जाल तेव्हां ९२ वें स्तोत्र वाचा आणि त्यांना कांहीं काम सांगून या : एखाद्या मुलाला प्रार्थना शिकविणें, किंवा मंडळी गांवांत कशी स्थापन झाली तें तरुणांस सांगणें. हा धडा शक्य तर शेतांत किंवा झाडाखालीं घ्यावा, आणि मुलांकडून गवताची काडी, झाडाचें पान व एक दाणा आणवावा.

विचारण्याचे प्रश्न

१. पालेस्तीन देशांतील पावसाचा काळ आणि आपला पावसाळा ह्यांत काय फरक आहे? त्यामुळें गवताच्या उपमेचा अर्थ कसा स्पष्ट होतो?
२. ९० व्या स्तोत्राच्या अखेरीकडे कोणत्या दोन मागण्या आहेत? तुमच्या ह्या वर्षाच्या कामांत त्या कशा लागू पडतात?
३. तुमच्या मंडळींत 'पाऊस गेल्यावर पिकलेलें पीक' असें कोणाविषयीं म्हणतां येईल? त्यांच्याकडून मंडळी काय शिकते?
४. तोडलेलें झाड आणि मेलेला मनुष्य ह्यांत ईयोबाला कोणता भेद दिसला?
५. पडलेलें गवत आणि पेरलेलें बीं ह्यांत काय अंतर आहे? दुःखांत असलेल्या शेजाऱ्याला तुम्ही तें कोणत्या शब्दांनीं सांगाल?